अठाईच्या पारण्यानंतरचा रिपोर्ट

शहाद्याच्या बाजारपेठेत खाली कापडाचं दुकान आणि वर घर, अशा छगनलालशेठच्या घरात निर्मला सून म्हणून आली, तेव्हा तिचा बी.एस्सी.चा निकालही लागायचा होता. शिक्षणाचा उपयोग पुढे एवढाच झाला, की लॅबचा कुणाचाही कागद आला की तो तिच्या हातात पडे.

मुलीला, आयुषीला, सोरायसिस झाला आणि ते कागद दर महिन्याला येऊ लागले. कोपरांवर, केसांच्या भांगात खवले धरत. भर उन्हाळ्यात ती पूर्ण बाह्या घालून कॉलेजला जाई. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली, इतर दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, आणि बजावलं, "हे औषध रक्तावर उतरू शकतं. तपासणी चुकवायची नाही. तोंड आलं तर आधी मला फोन." खवले गेले. निर्मलाची झोप मात्र प्रत्येक तपासणीच्या आधी उडे.

जैनांच्या पर्युषणात आयुषीनं अठाई धरली: आठ दिवस निव्वळ उकळलेलं पाणी, तेही उजेड असेपर्यंत.

"डॉक्टरांना विचारू या," निर्मला म्हणाली.

"बिंदणी, तपाला आता डॉक्टरची चिठ्ठी लागते का?" सासूबाई, भंवरीबाई, सुनेला म्हणाल्या. "कर्मं झडतील. चामडीचं दुखणं मुळापासून जाईल."

"मम्मी, या आठवड्याची गोळी कालच घेतली," आयुषी म्हणाली. "पुढची पारण्यानंतरच घेईन, म्हणजे उपासात औषधच नाही. मग भीती कसली?"

निर्मलाला ते पटलं. पोटात गेलेली गोळी पाणी कमी पडलं की अंगात रेंगाळते, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तपासणीची तारीख उपासातच आली. तपस्विनीला सुई टोचायची नाही, म्हणून तीही टळली.

साता पुसायला, म्हणजे तपस्विनीची खुशाली विचारायला, बायका येत, आयुषीपुढे हात जोडत. पारण्याला मुगाच्या पाण्याचा पहिला घोट घेऊन तिनं वाटी खाली ठेवली. बोलताही येईना.

"अठाईत तोंड येतंच," भंवरीबाई म्हणाल्या.

"चांगलं आहे, सासरी हे मौन कामाला येईल," एक पाहुणी म्हणाली आणि बायका हसल्या.

निर्मलानं मुलीला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं. ओठांच्या आतून, जिभेवर, पांढरे व्रण. तिनं लॅबच्या गोकुळला बोलावलं. मागच्या खोलीत त्यानं रक्त घेतलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, "भाभी, रिपोट बराबर नई शे. पांढऱ्या पेशी भलत्या कमी शेतस. डॉक्टरले आत्तेच फोन करा."

डॉक्टर म्हणाले, सुरतेला हलवा, थांबू नका.

दुसऱ्या दिवशी तपस्विनीची मिरवणूक होती. बँड ठरला होता, बग्गी ठरली होती.

"उद्या दुपारपर्यंत उरकू, मग निघा," छगनलालशेठ म्हणाले. "समाजात काय सांगायचं?"

"पोरगी आजारी आहे, असं सांगायचं." सासऱ्यांपुढे ती इतकी स्पष्ट कधी बोलली नव्हती. नवरा, ललित, गाडीची किल्ली घ्यायला उठला.

सुरतेत आयुषीला एकटीच्या खोलीत ठेवलं. औषधावर उतारा म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. निर्मलाला मास्क लावून आत बसायची परवानगी होती. दुकानासाठी ललित शहाद्याला परतला. सकाळी रक्त नेलं आणि दुपारी कागद आला.

"किती?" आयुषीनं विचारलं. ताप चढला होता.

निर्मलानं कागद दोनदा वाचला. "कालच्यापेक्षा कमी."

"वाढतील ना?"

"डॉक्टर म्हणतात, चार-पाच दिवस वाट बघायची."

आयुषीनं डोळे मिटून घेतले. मग पुटपुटली, "दादीला आकडा सांगू नकोस. ती माझ्यासाठी उपास धरेल."

निर्मलानं कागदाची घडी घातली. भंवरीबाईंनी सकाळपासून पाणीही घेतलेलं नाही, हे ललितनं मघाशीच फोनवर सांगितलं होतं.