गिट्टी दिसली की पाय बाहेर
जळक्या ऑइलचा गोडसर धूर नाकात गेला की मी थेट हिंगणीजवळच्या त्या वळणावर जाऊन पोचतो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझ्या मित्राची मोटारसायकल दोन सायलेन्सरची, माझी एकाची. कोणाची चांगली, यावर कॉलेजपासून आमचं भांडण आणि दर रविवारी बोर धरणापर्यंत शर्यत. नियम एकच. रस्त्यात गिट्टी, म्हणजे सुटी खडी, दिसली की पुढच्यानं पाय बाहेर काढून मागच्याला सांगायचं. त्या दिवशी तो पुढे होता. वळणावर त्याची गाडी गिट्टीवरून घसरायला लागली, तरी स्वतःला सावरायचं सोडून त्यानं पाय बाहेर काढला. मी वाचलो. तो डोक्यावर आपटला. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. एका गुराख्यानं त्याला आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं माझ्या पाठीशी बांधून दिलं आणि मी वर्ध्याकडे सुटलो. त्याचं रक्त माझ्या मानेवरून शर्टात उतरत होतं. त्याची शुद्ध जाऊ नये म्हणून मी ओरडत होतो, "सांग नं बे, कोनाची गाडी चांगली?" सेलूच्या अलीकडे तो कानाशी पुटपुटला, "तुह्यी." इतक्या वर्षांत हे त्यानं कधीच कबूल केलं नव्हतं. मी गाडी आणखी पिळली आणि ओरडलो, "खोटं काऊन बोलून राह्यला? तुह्यीच चांगली आहे, तुह्यीच!" सेलू गेलं, पवनार गेलं, मी तेच ओरडत होतो. दवाखान्याच्या दारात दुपट्टा सोडला, तेव्हा तो उरला नव्हता. आता मी सत्तरीला आलोय. कोणी जुन्या गाड्यांचा विषय काढला की मी त्याचीच चांगली होती म्हणतो, आणि कोणीतरी भांडेल म्हणून जरा थांबतो.