पळीभर पाणी

घाटकोपरच्या एका औद्योगिक वसाहतीत थर्मामीटर बनवणारा छोटा कारखाना होता. तिथल्या तपासणीच्या खोलीचे प्रमुख मार्तंडराव प्रधान म्हणजे जन्माचे संशयी. मुलुंडच्या घरून निघाले की गॅस बंद केला का, हे पाहायला अर्ध्या जिन्यातून परत वर जाणारे. बायको, मृणालिनी, वैतागायची, शेजारी हसायचे. पण इतक्या वर्षांत त्यांच्या खोलीत कुणाच्या बोटात साधी काच घुसली नव्हती, आणि त्याचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

खोलीच्या मधोमध स्टीलची टाकी होती, तिला सगळे बाथ म्हणत. बाथमधलं पाणी तापवायचं, खात्रीच्या थर्मामीटरशेजारी नवे बुडवायचे आणि आकडे जुळतात का ते पाहायचं. पाहायची द्रौपदी. संपात नवऱ्याची गिरणी बंद पडली, तेव्हापासून भटवाडीतलं तिचं घर तिच्या डोळ्यांवर चाललं होतं. भिंग घेऊन ती बाथवर इतकी ओणवायची की वाफेनं कपाळावरचं कुंकू ओलं व्हायचं.

मग एका गिऱ्हाइकानं दोनशे अंशांपर्यंतचे थर्मामीटर मागवले. पाणी शंभरालाच उकळणार, म्हणजे बाथमध्ये तेल हवं. पण कुठलं?

"शेंगदाण्याचं घाला ना!" मालक राजारामशेठ म्हणाले. "घरोघरी कढईत तापतंच की."

"शेठ, इथं पुऱ्या तळायच्या नाहीयेत," मार्तंडराव म्हणाले. "दिवसभर तापलं तर धूर होईल आणि टाकीत डिंकासारखा चिकटा बसेल."

मशीनचं साधं तेल हाताशी होतं. मार्तंडरावांनी ते मागच्या मोकळ्या जागेत वाटीत तापवलं आणि लांब चिमट्यात पेटती काडी धरून वाटीवरून फिरवत राहिले. दोनशेच्या अलीकडेच वाफांनी भपकन पेट घेतला. त्या जाळाच्या जागी त्यांना द्रौपदीचा ओणवलेला चेहरा दिसला. त्यांनी सहजी पेट न घेणाऱ्या सिलिकॉन तेलाचाच हट्ट धरला. ते महाग, शिवाय मागवून यायला वेळ. शेठ कुरकुरले, मार्तंडराव ढिम्म हलले नाहीत. तेल आलं, त्यालाही काडी दाखवून झाली. पारा दोनशेच्या कितीतरी पुढे गेला तरी ते गप्प होतं. मार्तंडरावांचा जीव भांड्यात पडला.

पुढे खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा दरवर्षी मार्तंडरावांच्याच हातची. बाथला हळदकुंकू, झेंडू, आणि शेवटी पळीभर पाणी आत सोडायचं, हा पहिल्या वर्षापासूनचा रिवाज. तो हातानं आपसूक पाळला. आजवर ते पाण्यात पाणी मिसळत होतं. या वेळी ते तेलाखाली जाऊन तळाशी बसलं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सगळ्यांनी पेढे खाल्ले.

दसऱ्याची सुट्टी संपली. बाथ तापत होता, द्रौपदी भिंग घेऊन ओणवली होती. पारा शंभराच्या पुढे सरकला आणि तळातून तडतड सुरू झाली. एवढं पारखून आणलेल्या तेलाला झालं काय, हेच मार्तंडरावांना उमजेना. ते नुसते बघत राहिले. द्रौपदीच्या कानाला मात्र फोडणीत पाणी पडल्याचा तो आवाज रोजचा. "आई गे!" करत ती मागे सरली, तेवढ्यात तेल उसळलं. चेहरा वाचला. डावा हात कोपरापर्यंत भाजला.

दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर मार्तंडरावांना पळी आठवली. सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातावर तेवढा घेतला नव्हता. त्यांना रडू आवरेना.

"द्रौपदी, ते पाणी मी घातलं गं."

"माका ठावक आसा," हाताला पट्टी बांधून आलेली द्रौपदी घरच्या मालवणीत म्हणाली. "मी पण थयच हात जोडून होतंय ना."

तिनं एवढ्यावर सोडून दिलं. मार्तंडरावांना ते सोडता आलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला बाथवर घट्ट झाकण होतं. हळदकुंकू, झेंडू सगळं झाकणावर वाहिलं. रिवाजाप्रमाणे द्रौपदीनं पळी पुढे केली. मार्तंडरावांनी ती घेतली आणि तिच्या भाजल्याचे डाग पडलेल्या हातावर ते पाणी हळूच सोडलं. वर झेंडूचं एक फूल ठेवलं.

द्रौपदी लाजून हसली. "अहो साहेब, मी काय मशीन आहे?"

"नाही गं," मार्तंडराव म्हणाले. "मशीनला झाकण घालता येतं."