माकडटोपीतलं विरजण

त्या शनिवारी सकाळी मी विरजणाचा चहा केला.

करायचा होता साधाच. बायको पहाटेच शिफ्टला गेली होती, लेक झोपली होती आणि ओट्यावर झाकलेलं पातेलं होतं. झाकण काढलं तर आत पांढरंशुभ्र, पातळ दूध. पातेलं हलवलं की तेही हलत होतं. त्यातलं थोडं चहात घातलं, आलं किसलं. उरलेलं तापवून ठेवावं, घरात तेवढीच आपली मदत, म्हणून पातेलंही दुसऱ्या बर्नरवर चढवलं. दोन्हीकडे एकदमच चोथापाणी झालं. मी दुधाच्या बाटलीवरची तारीख पाहिली. ती अजून उलटली नव्हती. सुपरमार्केटच्या नावाने दोन शब्द बोललो आणि सगळं सिंकमध्ये ओतून दिलं.

नळ बंद करताना आठवलं. काल संध्याकाळी बायकोने त्याच पातेल्यात दही लावलं होतं.

ते दही आहे हे मला कळलं नाही, कारण ते दही झालंच नव्हतं. रात्रभरात लागलं नव्हतं. आणि लागलं नव्हतं कारण आमचं स्वयंपाकघर त्या आठवड्यात फ्रिजपेक्षा थंड होतं. लोणी फ्रिजच्या आत ठेवलं तर मऊ राहील की काय, अशी परिस्थिती होती. खोबरेल तेलाची बाटली मी तीन दिवस खिशात घालून हिंडत होतो.

आता यात माझा दोष काय, असं कोणी विचारेल. आमच्या घरात कोणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

आम्ही आधी मेलबर्नला, टार्निटला राहायचो. तिथल्या थंडीला मी इतका वैतागलो होतो की ब्रिस्बेनची नोकरी मिळाली तेव्हा पगाराआधी तापमान विचारलं. "समुद्राकाठचं हवामान आहे, मुंबईसारखं," मी घरात जाहीर केलं. "तिथे हिवाळा नसतोच." निघताना तिन्ही हीटर आणि जाड रजया मोठ्या मनाने दान केल्या. बायको म्हणाली, एक तरी ठेव. मी म्हणालो, "कशाला? उंदरांना घरटं करायला?" मग स्प्रिंगफील्ड लेक्सला घर घेतलं. इथून समुद्र गाडीने तासाभरावर आहे. नावातलं 'लेक' म्हणजे खोदलेलं तळं. पण पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मी हाफ चड्डीतला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'जून महिना, इथला हिवाळा!' त्याला पुष्कळ अंगठे आले.

मग जुलैत दक्षिणेकडून वारा सुटला. टीव्हीवरची हवामानवाली बाई हात उंचावून निळे निळे पट्टे दाखवू लागली. सकाळी लॉनवर पांढरं काहीतरी पसरलेलं दिसलं. मला वाटलं शेजाऱ्याने खत टाकलंय. ते दहिवर होतं, गोठलेलं.

इथली घरं बांधणाऱ्यांनी उन्हाळ्याशी लढाई करायची ठरवली आहे आणि हिवाळ्याला शत्रू मानायलाच नकार दिला आहे. प्रत्येक खोलीत पंखा, जमिनीला लाद्या, खिडकीला एकच काच, आणि आमचा एसी फक्त थंड करणारा. मी हीटर आणायला गेलो तर दुकानातला मुलगा रिकाम्या फळीकडे बोट दाखवून म्हणाला, "सॉरी मेट, ऑल गॉन." मागे रांगेत उभे असलेले लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कुडकुडत एकमेकांना सांगत होते की आपल्याकडे थंडी अशी नसते. इथे थंडी वाजणं हा एक प्रकारचा देशद्रोहच आहे. मी मात्र पहिल्याच दिवशी फितूर झालो होतो. ट्रंकेतून माकडटोपी काढली होती.

"बाबा, प्लीज डोन्ट वेअर दॅट आउटसाइड," लेक म्हणाली होती.

तर विरजण. ते साधं नव्हतं. आम्ही या देशात उतरलो ते सिडनीत, वेंटवर्थव्हिलला. तिथे खालच्या मजल्यावर एक मराठी काकू राहायच्या. त्यांनी पहिल्या आठवड्यात बायकोच्या हातात वाटीभर दही दिलं आणि म्हणाल्या, "हे संपवू नकोस हं, चमचाभर मागे ठेवत जा." काकू पुढे मुलाकडे कॅनडाला गेल्या. बायको मात्र तो चमचा मागे ठेवत आली. लेकीचं उष्टावण त्याच दह्याच्या भाताने झालं. टार्निटला जाताना ते बर्फाच्या डब्यातून गेलं, इथे येताना पूर्ण रस्ताभर बायकोच्या मांडीवर होतं. दुकानातल्या दह्याने दही लागतं, नाही असं नाही. पण बायको त्याला दही म्हणत नाही. 'ते पांढरं' म्हणते.

मेलबर्नच्या थंडीतही ते जगलं होतं. तिथे जमिनीतल्या जाळीतून गरम हवा यायची, पातेलं त्या जाळीवर ठेवलं की झालं. आणि हिवाळा नसलेल्या गावात आणून मी ते उकळलं होतं.

मी सिंकसमोर उभा राहिलो आणि खरकट्या भांड्यांत मला वाटी दिसली. काल ज्या वाटीतून विरजण काढलं तीच. काठाला आत दह्याचा पातळ थर चिकटलेला होता. भांडी घासायची पाळी माझी होती आणि मी ती घासली नव्हती. माझ्या आळसाचा घराला उपयोग झाल्याची ही पहिलीच वेळ.

दूध कोमट केलं. करंगळी बुडवून पाहिली, बायको पाहते तशी. वाटीत दूध घालून थर बोटाने खरवडला, सगळं छोट्या स्टीलच्या डब्यात ओतलं. आता ऊब हवी होती. ओव्हनचा दिवा लावून आत ठेवतात हे माहीत होतं. तो दिवा गेलेला आहे आणि बदलायचं काम माझ्याकडे आहे, हेही माहीत होतं. लेकीच्या गरम पाण्याच्या पिशवीकडे पाहिलं तर ती पांघरुणातूनच म्हणाली, "डोन्ट इव्हन थिंक अबाउट इट." शेवटी डबा माकडटोपीत घातला, टोपीची बटणं लावली आणि तो पोटाशी धरून अंगणात उन्हात जाऊन बसलो. ऊन नुसतं दिसायला होतं.

कुंपणापलीकडे शेजारी झाडांना पाणी घालत होता. हाफ चड्डी, पायात रबरी चप्पल, गुडघे जांभळे.

"कोल्ड, मेट?" त्याने विचारलं.

"अ बिट," मी म्हणालो.

"नाह. दिस इज नथिंग," तो म्हणाला आणि त्याचे दात वाजले. मग त्याची नजर टोपीतून डोकावणाऱ्या स्टीलच्या झाकणावर गेली. "व्हॉट यू गॉट देअर?"

विरजणाला इंग्रजीत काय म्हणतात? बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तिच्या तोंडून ऐकलेला शब्द मी वापरला. "इट्स अवर कल्चर," मी म्हणालो. "व्हेरी ओल्ड. इट इज डाइंग. बिकॉज ऑफ द कोल्ड."

शेजाऱ्याने नळ बंद केला. डोक्यावरची टोपी काढली. आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "आय एम सो सॉरी, मेट."

त्याने कोणतं कल्चर ऐकलं हे माझ्या लक्षात आलं. दुरुस्त करायला हवं होतं. पण इतक्या आदराने या देशात माझ्याशी कोणी बोललं नव्हतं, त्यामुळे थोडा वेळ मी त्याचा गैरसमज तसाच राहू दिला. "इट नीड्स वॉर्म्थ," मी गंभीरपणे म्हणालो. "होल डे अँड नाइट."

त्याने क्षणभर विचार केला आणि मला आत बोलावलं.

त्याच्या घरात आमच्याइतकीच थंडी होती. सोफ्यावर त्याची बायको दोन ब्लँकेटं पांघरून बसली होती, पण तीही म्हणाली, "लव्हली डे, इझन्ट इट?" कोपऱ्यात मात्र एक काचेची पेटी होती. आत पिवळा दिवा, वाळू, तापमापक आणि एका लाकडावर डोळे अर्धवट मिटून पसरलेला दाढीवाला सरडा. बत्तीस अंश. सगळ्या रस्त्यावर हिवाळा मान्य केलेला तो एकटाच रहिवासी असावा. त्याच्यासाठी हीटर घेताना कोणाचा स्वाभिमान आड आला नव्हता.

शेजाऱ्याने पेटीच्या झाकणावर, दिव्याच्या बाजूला, दोन्ही हातांनी माकडटोपी ठेवली. मी म्हणालो, "डोन्ट शेक इट." तो म्हणाला, "वुडन्ट ड्रीम ऑफ इट," आणि त्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

संध्याकाळी बायको आली. चपला काढल्या, पुन्हा घातल्या, कारण लाद्या गार होत्या. ओट्याकडे पाहिलं.

"पातेलं कुठंय रे?"

"घासून ठेवलंय."

इथेच तिला संशय आला. मी भांडं घासलं होतं.

"आणि दही?"

"शेजारी."

"दही शेजारी काय करतंय?"

"लागतंय," मी म्हणालो आणि मग चहापासून सरड्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, खोली जरा तापली असती. ती फक्त लाटणं धुवायला लागली. लेक म्हणाली, "बाबा, यू आर सो डेड."

"काठावरच्या थरातून लागेल ना?" मी विचारलं.

"लागायला हवं," ती म्हणाली. "नाही लागलं तर काकूंना काय सांगणार आहेस?" मग जेवणात तिने ताटात दह्याची जागा रिकामीच ठेवली. दुकानातलं वाढलं नाही.

रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. शेजारी होता. केस विंचरलेले, अंगात चक्क लांब पँट. दोन्ही हातांवर माकडटोपी. त्याने ती बायकोच्या हातात दिली आणि म्हणाला, "वी केप्ट इट क्वायट फॉर यू." मी त्याच्या बुटांकडे पाहत राहिलो.

तो गेल्यावर बायकोने बटणं काढली, झाकण उघडलं, डबा तिरका केला. दही हललं नाही. तिने चमच्याच्या टोकाने एक कपचा काढला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मग तिने दुसऱ्या वाटीत चमचाभर बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवलं, माझ्यापासून लांब, वरच्या कप्प्यात, आणि माकडटोपी माझ्या डोक्यावर घालून हनुवटीखालचं बटण लावलं.

"लागलंय छान," ती म्हणाली. "आता मी आणि ही पोरगी शेजारी त्या पालीकडे राहायला जातो. तू इथंच बस, समुद्राकाठची हवा खात."