अष्टमीचं पाणी

तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती! हे मला अक्काच्या सासरी कळलं आणि मी वेडीच झाले. आमचं अमळनेर म्हणजे समुद्राचा पत्ता नाही, बोरी नदी कोरडी ठणठणीत. तरी मी कॅलेंडर बघून घरभर सांगत सुटायचे, "आज चतुर्थी, चारची पाऊणपट तीन, अक्काच्या खाडीत तीनला पाणी भरणार!" नाना म्हणायचे, "आधी आपल्या नळाची तिथी सांग."

भाऊजी कोकणात मास्तर होते. त्यांच्या गावाहून दवाखाना गाठायचा तर होडीनं खाडी ओलांडायची. ओहोटीला होडी चालत नाही, नुसता चिखल.

मी अकरावीत होते तेव्हा. पहिलं बाळंतपण, अक्काला माहेरी आणायचं ठरलेलं, पिशवीसुद्धा भरलेली. आणि त्याच्या आधीच, एका दुपारी, समोरच्या किराणा दुकानात भाऊजींचा फोन. मी धावले. सातव्यातच कळा सुरू झालेल्या, रक्त जात होतं.

"मग निघा ना!"

"कसे निघणार? पाणी उतरलंय. भरतीची वाट बघतोय."

घरी येऊन सगळं सांगितलं, कॅलेंडर बघितलं. अष्टमी. आठची पाऊणपट सहा. मी अंगणात येऊन ओरडले, "सहाला पाणी येणार!"

आईनं घड्याळाकडे बघितलं, सहाला अजून खूप अवकाश होता. "तवलोंग पोर काय करी?"

आणि माझी ओरड शेजारच्या मावशींनी ऐकली. त्यांना वाटलं, नळाला! चार-चार दिवस पाणी नसायचं तेव्हा. बघता बघता गल्लीतल्या नळापुढे हंडे, कळश्या, पत्र्याचे डबे. "पोरनी सांगं, सहाले येनार शे!" बायका हसत होत्या, नंबरावरून भांडत होत्या. खरं काय ते सांगायचं आमच्यात कुणाला बळच नव्हतं.

सहा वाजले. नाना दुकानात गोणीवर बसून फोनकडे बघत होते. मी उभीच. माझ्या मनात खाडी भरत होती, होडी हलत होती, अक्का पलीकडे पोचत होती. किती वेळा पोचवली मी तिला!

दुकान बंद व्हायच्या वेळी फोन वाजला. पाणी सहालाच आलं होतं. पण अष्टमीचं. अष्टमीची भरती अर्धीमुर्धी असते, भाऊजी म्हणाले, भांगाची. होडी धक्क्याला लागलीच नाही, गाळात रुतली. शेवटी चौघांनी अक्काला खाटेवर घालून चिखलातून नेलं. अक्का वाचली. बाळ गेलं.

पाऊणपट वेळ सांगते. पाणी किती, ते नाही सांगत.

नाना आईला सांगून आत गेले. ती रडलीसुद्धा नाही, भिंतीला टेकून होती. बाहेर हंडे अजून रांगेत, कोरडे. पाणी आलं नाही म्हणून मावशी दारात आल्या. "काय वं, पाणी उनं नही ना?"

आईनं मान वर केली नाही.

"उनं बाई. पन पुरनं नही."