तारीख फोनवर विचारू नये

केरबा थोरातांच्या साइटवर अगदी वर, तांबड्या ठळक अक्षरांत एक ओळ होती : 'तारीख फोनवर विचारू नये.' ती मीच टाइप केली होती, पलूसच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून. तेव्हा म्हटलंही होतं, "आबा, जरा गोडीत लिहूया का?" तर म्हणाले, "अपूर्वा, गोडीत लिवलेलं पलटणीत कोण वाचत न्हाई."

सव्वीस वर्षं फौजेत काढून हवालदार होऊन घरी आलेला हा माणूस. आल्या आल्या साइट काढली ती जत्रांच्या तारखांची. सातारा-सांगलीतली तीनशे अकरा गावं. कुणाची जत्रा कधी, पालखी किती वाजता, मटणाचं जेवण कुठल्या दिवशी, सगळं. तुम्ही म्हणाल, कशाला हा उद्योग? आवं, आमच्याकडं घरटी एक पोरगा फौजेत. रजेचा अर्ज तीन महिने आधी टाकायचा आणि जत्रा तर तिथीनं, दरसाल तारीख वेगळी. स्वतः आबांची तीच गत झालेली. आमच्या बाभूळवाडीच्या भैरोबाची पालखी उचलायचा मान अकरा भावक्यांत फिरतो, दरसाल एकीकडं. तो थोरातांकडं आला त्या साली आबा तारीख चुकून दोन दिवस उशिरा पोचले आणि पालखीचा पुढचा दांडा चुलतभावानं धरला. पुढच्या पाळीला सरहद्दीवर अडकले, त्याच्या पुढच्या पाळीला गुडघा गेला. एवढ्या कडक माणसाला त्या एका गोष्टीवरून डोळे पुसताना मी पाहिलंय.

यंदा मान परत थोरातांकडं आला. चैत्र वद्य अष्टमी. पुढचा दांडा धैर्यशीलचा, म्हणजे आबांच्या मुलाचा. तो अरुणाचलात ड्युटीवर. आबा वर्षभर दुसरं काही बोलतच नव्हते.

आणि नेमकं डिसेंबरात त्या मोठ्या सर्च इंजिनवाल्यांनी आपलं सगळं यंत्र आतून बदललं, आणि शोधल्यावर वर दिसणाऱ्या साइट धडाधड खाली गेल्या. आम्हा साइटवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता शिमगा. आटपाडीचा सिद्धू शेळ्यांच्या बाजारभावाची साइट चालवतो, त्यानं आठवड्यात तीनदा साइटचं नाव बदललं. इस्लामपूरच्या रेश्मानं, तिची ऊसरोपांची नर्सरी, लॅपटॉपसमोर नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर सांडलं आणि लॅपटॉप चार दिवस दुरुस्तीला. मी सगळ्यांना सांगत होते, "थांबा, धूळ बसू द्या," आणि माझ्या क्लासची साइट कुठं आलीय ते गुपचूप दिवसातून वीसदा बघत होते. खोटं कशाला बोलू?

आबांची साइट पहिल्या नंबरावरून चौथ्या पानावर गेली. ते त्यांना सरळ हुकूम मोडल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला देवळासमोर अख्ख्या गावाची हजेरी. प्रत्येकानं मोबाइलवर 'बाभूळवाडी जत्रा' लिहायचं, चौथ्या पानापर्यंत जायचं, आबांची साइट उघडायची आणि पाच मिनिटं तिथंच थांबायचं. मग 'विश्राम'. साळूबाईंना वाचता येत नाही, तरी त्या नातीचा फोन धरून रांगेत उभ्या. पंधरा दिवस ही कवायत चालली आणि साइट नवव्या पानावर गेली.

"आवं आबा, एकाच गावातनं, एकाच वेळी, रोज सहाला शंभर जण. त्या यंत्राला लबाडीच वाटली असंल," मी म्हटलं. आबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आणि या गोंधळात एक गोष्ट कुणीच बघितली नाही. पहिल्या पानावर, सगळ्यात वर, आता चौकटीत आयती तारीख यायला लागली होती. पुण्यातल्या कुठल्यातरी पर्यटनवाल्यांनी लिहिलेली. त्यांनी अष्टमी बरोबर लिहिली होती, पण वद्याऐवजी शुद्ध. पंधरा दिवस आधीची. अख्खं गाव रोज सकाळी त्याच चौकटीवरून अंगठा फिरवत खाली जात होतं, माझ्यासकट.

शुद्ध सप्तमीला दुपारच्या एसटीतून धैर्यशील उतरला. पाठीवर बॅग, हातात आईसाठी शाल. देवळाकडं बघून म्हणाला, "आबा, अजून मांडव न्हाई घातला?"

आबांनी कपाळाला हात लावला. पंधरा दिवसांची रजा, परतीची गाडी जत्रेच्या आदल्या दिवशी.

"एक फोन करायचा न्हाईस का, गड्या?"

"तुमीच लिवलंय की, आबा. फोनवर विचारू नये. मी नेहमीसारखं शोधलं. वर आली ती तुमचीच तारीख वाटली."

अंबूबाई, म्हणजे आबांच्या मालकीण, म्हणाल्या, "रजा वाढवून घे की रं." आबांनीच ते तोडलं. रजा संपली की हजर व्हायचं, त्यात घासाघीस नाही. पोरगा वद्य सप्तमीला निघाला. आबा त्याला सोडायला फाट्यापर्यंत गेले आणि लंगडत परत आले.

दुसऱ्या दिवशी जत्रेला फौजेतली गावची बाकीची सव्वीस पोरं हजर. त्यातलं एकही चुकलं नव्हतं. मी अंबूबाईंना विचारलं, हे कसं काय झालं? त्या म्हणाल्या, "जानेवारीतच मी घरोघरच्या बायकांना तारीख सांगितली व्हती, त्यांनी आपापल्या पोरांना फोन केलं. ह्यास्नी कळू दिलं न्हाई, भडकलं असतं."

"आणि धैर्यशीलला?"

"त्याला काय सांगायचं, बाय? त्याच्या बापाचीच साइट."

पुढचा दांडा चुलतभावाच्या मुलानं धरला. आबा पालखीच्या बाजूनं चालत होते, गुलालात माखलेले.

दोन दिवसांनी माझ्या क्लासमध्ये येऊन बसले. "ती वरली वळ काढ. तिथं घाल, तारीख फोन करून विचारा. खाली माजा नंबर, मोठा."

"लोक उठसूट फोन करतील, आबा. चिडणार न्हाई ना?"

"चिडीन. पर सांगीन."

तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. धैर्यशील, अजून रेल्वेतच होता. आबांनी सवयीनं स्पीकर लावला. गाडीच्या खडखडाटात तो विचारत होता, "आबा, आपली पुढची पाळी कवा?"

"अकरा वर्सांनी," आबा म्हणाले. मग फोन तोंडाजवळ धरून, "पर तू दर साली फोन कर. तारीख म्या सांगतो."

मी नंबर टाइप करत होते. दोनदा चुकला, मला नीट दिसतच नव्हतं.