लुगड्यातली यहुदीण

“ही ज्यू वाटतच नाही,” दिग्दर्शक आईकडे बघत म्हणाले. “लुगडं, अंबाडा, हे काळे हात. तेलीण वाटते. बाजूला करा.”

आई आमच्याच ओटीवर उभी होती. सोपाऱ्याच्या घरात. ठेवणीतलं लुगडं नेसून.

तेलीणच होती ती. आम्ही बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. तेल गाळायचं आणि शनिवार पाळायचा, म्हणून गाव आम्हांला शनवार तेली म्हणायचं. बाप गेल्यावर आईनं स्वतः घाण्याला बैल जुंपला. लोक हसले. तरी शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. पुढं नातलग एकेक करून बोटीनं इस्राएल देशाला गेले. भाऊपण गेला. गावात आमचं एकच घर उरलं. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. बाई त्यात धरत नाहीत. आई एकटीच पुटपुटायची.

मी मुंबईत या दिग्दर्शकांकडे फिल्मचे तुकडे जोडायला होते. ज्यू लोकांवर माहितीपट करायचं ठरलं तेव्हा मीच म्हटलं होतं, माझ्या आईला घ्या.

त्यांनी मुंबईहून एक गोरी बाई आणली होती. फ्रॉकमधली. शनिवारचा पवित्र दिवस लागताना, शुक्रवारी संध्याकाळी आई जो दिवा लावायची, त्याच्यापुढं तिला बसवलं.

“हिला तुमची प्रार्थना शिकव,” ते मला म्हणाले. “नुसते ओठ हलले तरी चालतील.”

आईनं हळूच विचारलं, “मंग मी कोन?”

कॅमेरावाला भिंग पुसत राहिला.

मी त्या बाईसमोरचा दिवा उचलला.

“नाही शिकवणार. हे आमचं घर आहे. तुमचं सामान उचला.”

“उद्यापासून कामावर येऊ नकोस.”

“नाही येणार.”

गाडी गेली. शेजारी बघत होते, आत कुणी आलं नाही. आईनं जुनं लुगडं नेसलं. भात टाकला.

पुढं काही वर्षांनी माझ्या हाती कॅमेरा आला तेव्हा आई हयात नव्हती. तिचं एकही चित्र माझ्याकडं नाही. मग कॅमेरा घेऊन कोकणातल्या आमच्या इतर बायकांकडं गेले. एकटीच. कुणी सुईण, कुणी मास्तरीण, कुणी मागं उरलेली म्हातारी.

आमच्यातलेच एक वडीलधारे म्हणाले, “इतिहास हवा तर पुरुषांना विचार.”

नाही विचारणार. पडद्यावर या बायका बोलतील, आपल्या बोलीत, हवं तेवढा वेळ. ज्यांना बघवणार नाही त्यांनी उठून जावं. मी फिल्म थांबवणार नाही.