उजेडातलं विसर्जन
बाबा उसाच्या सरीत पडले, तेही डोक्यावर कसलंच ओझं नसताना. दादानं त्यांना बसमध्ये घातलं आणि सांत्र द फ्लाक या जवळच्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. मीही मागोमाग गेले, कारण दादाच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं. गणपती जवळ आले होते. घरचा दीड दिवसाचा गणपती दरवर्षी बाबाच डोक्यावर घेऊन नदीला न्यायचे, आणि दादाला ते बंद करायचं होतं.

डॉक्टरांनी बाबांना खुर्चीतून उठवलं, भिंतीपर्यंत चालवलं, वळवलं. तिथवर बाबा ऐटीत होते. मग पाय जोडून उभं राहायला सांगितलं, आणि डोळे मिटायला. डोळे मिटताच बाबा असे डोलले की डॉक्टरांनी खांदेच धरले. काठी घ्या, डोक्यावर काही उचलू नका, असं त्यांनी इथल्या क्रेओल बोलीत सांगून टाकलं.

बाहेर येताच दादा म्हणाला, "औंदा गणपती मी घेतो, बाबा."

"तू? तुझ्या डोक्यावर टोपी ऱ्हात नाय, देव काय ऱ्हाणार!"

"डॉकतेर काय बोलला, ऐकलंस ना?"

"ऐकलं. डोळे मिटले की डोलतो. बरं, मग अंधारात नको, दिवसाउजेडी नेऊ. डोळे मिटून नदीला कोण जातो?"

मला हसू आवरेना. दादा घर येईपर्यंत तोंड फुगवून बसला.

गावातले गणपती दिवेलागणीला निघायचे. आमचा निघाला भर उन्हात. शेजारणी दारात येऊन हसल्या, हसोत बापड्या. बाबा अनवाणी, पाय जरा फाकून, सावकाश चालले होते. दादानं हात पुढे केला की गुरकावत. झांजवाले कंटाळले, पण त्यांना बाबांच्याच चालीनं वाजवावं लागलं.

बाबा गुडघाभर पाण्यात उतरले. खाली गोटे होते, शेवाळ होतं. शेवटच्या प्रार्थनेला काठावर सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. बाबांनी मिटले नाहीत. डोक्यावर देव, आणि डोळे टक्क उघडे, पलीकडच्या काठावर रोखलेले. देवाच्या प्रार्थनेलासुद्धा मिटणार नाही, असं त्यांनी ठरवलंच होतं.

हे मला ठाऊक आहे, कारण मीही मिटले नव्हते. माझे डोळे त्यांच्या गुडघ्यांवर होते.